पुंडलिकरावांची काळी चार

रविवारी दुपारी चारला भजन सुरू व्हायचं होतं आणि सव्वातीन वाजले तरी पेटीचा पत्ता नव्हता. उकंडा राऊत मंडपाच्या तोंडाशी उभा राहून कळंबकडून येणाऱ्या रस्त्याकडे डोळे ताणून पाहत होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. बोरखडीच्या भजन मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून गावानं मंडप घातला होता, सतरंज्या पडल्या होत्या, माइकवाल्यानं 'हॅलो, हॅलो' करून अर्ध्या गावाची दुपारची झोप मोडली होती. सत्कारमूर्ती पुंडलिकराव गावंडे पांढरंशुभ्र धोतर नेसून आणि फेटा बांधून तासभर आधीच येऊन बसले होते. नव्हती ती फक्त पेटी.

पेटी पळवली होती पुंडलिकरावांच्या जावयानं. कपिल यवतमाळला कॉलेजात शिकवायचा. माणूस सोन्यासारखा, पण चांगुलपणा करायची त्याला घाई फार. गुरुवारी तो सासुरवाडीला आला, ओसरीवर ठेवलेल्या मंडळाच्या पेटीचं पॉलिश उडालेलं त्यानं पाहिलं, आणि सत्काराच्या दिवशी सासऱ्यांना सुखद धक्का द्यावा म्हणून कोणालाही न विचारता ती गाडीत घालून यवतमाळला दुरुस्तीवाल्याकडे नेली. उकंडाला ही बातमी शुक्रवारी कळली आणि तेव्हापासून त्याच्या घशाखाली भाकरी नीट उतरत नव्हती. जावयाच्या चांगुलपणाला नाव ठेवायची सोय नाही, आणि या पेटीत काय होतं ते कोणाला सांगायची तर त्याहून नाही.

ते काय होतं हे समजायला आधी पुंडलिकराव समजले पाहिजेत.

पुंडलिकराव एकाहत्तर वर्षांचे. घरची कपाशी-तुरीची शेती मुलानं हाती घेतल्यापासून त्यांना दोनच कामं उरली होती, सकाळी वावरात चक्कर मारणं आणि संध्याकाळी गाणं. आणि गाणार कुठे, तर काळी चारमध्ये. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली ही चौथी. तिला 'सा' धरून गायचं म्हणजे पुरुषाच्या गळ्यानं उभी टेकडी चढायची. भल्याभल्यांचा दम काळी दोनला निघतो. पुंडलिकराव विसाव्या वर्षापासून काळी चारला गात आले होते, आणि पंचक्रोशीत त्यांची ओळख वावरावरून किंवा आडनावावरून नव्हती, 'ते काळी चारवाले' अशी होती. त्यांनी भर देवळात एकदा शपथही घेऊन ठेवली होती की ज्या दिवशी काळी चार सुटंल त्या दिवशी गाणं बंद, पुन्हा टाळाला हात लावणार नाही. पुंडलिकराव बोललेलं मोडत नसत, हे गावाला ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी चहा सोडतो म्हणाले, तो आजतागायत सोडलेला होता.

त्यांची एक पद्धत होती. भजन सुरू करण्याआधी ते समोरच्या कोणालातरी मंचावर बोलवायचे आणि उकंडाचं बोट दाखवायचे. "पाह्य, कोन्त्या पट्टीवर हाये?" समोरचा वाकून पाहायचा, मोजायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "काळी चार." मग टाळ्या पडायच्या आणि मगच तोंडातून पहिला सूर निघायचा.

आता उकंडा. चाळीस वर्षं पुंडलिकरावांच्या उजव्या हाताला बसणारा पेटीवाला. नोकरी त्यानं एसटीच्या वर्कशॉपमध्ये केली, आणि तिथं त्याच्या कानाच्या गोष्टी सांगत. गाडी फाटकातून आत शिरली की पाठमोरा उकंडा सांगायचा, गिअरबॉक्समध्ये काय बिघडलंय. पाना फिरवण्याआधी साहेब लोक त्याला आधी ऐकायला बोलवायचे. असा कान असलेल्या माणसाला सहा वर्षांपूर्वीच्या दत्तजयंतीला जे ऐकू आलं ते मंडळात दुसऱ्या कोणालाच आलं नाही. वरच्या 'सा'ला पुंडलिकरावांचा आवाज केसभर फाटला होता. पुंडलिकरावांनी खाकरून खर्ऱ्यातल्या तंबाखूला दोष दिला आणि पुढे गायले. उकंडा मात्र घरी जाऊन पाठ टेकून नुसता छताकडे पाहत राहिला. आज केसभर, उद्या बोटभर, आणि मग शपथ.

मंडळाची पेटी स्केलचेंजर होती. म्हणजे तिच्या बाजूला एक खुंटी असते, ती सरकवली की पट्ट्यांचा अख्खा पाट एक-एक घर डावी-उजवीकडे सरकतो. बोट तुमचं काळी चारवरच असतं, पण आतून सूर वाजतो तो दुसऱ्याच पट्टीचा. दुसऱ्या दिवशी उकंडानं कोणाला न सांगता खुंटी एक घर खाली सरकवली. पुंडलिकरावांनी नेहमीप्रमाणे बोट दाखवलं, समोरच्यानं काळी चार म्हटलं, आणि गाणं असं झालं की लोक म्हणाले, पुंडलिकभाऊचा आवाज पुन्हा तरणा झाला. पुढच्या वर्षी उकंडानं आणखी एक घर उतरवलं. असं करत सहा वर्षांत पाच घरं झाली. बोट काळी चारवर, सूर काळी दोनचा, आणि पुंडलिकराव सत्तरीत गंधर्वासारखे गात होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ एकट्या उकंडानं झाकलेली होती. बायकोलाही त्यानं पत्ता लागू दिला नव्हता.

साडेतीनला कपिलची गाडी आली. त्यानं पेटी उचलून मंचावर ठेवली आणि वरचं फडकं ओढलं. पेटी आरशासारखी चमकत होती. पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. उकंडाच्या डोळ्यांतही आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. त्याचा हात सवयीनं खुंटीकडे गेला होता आणि खुंटी जागेवर नव्हती.

"काका, ती खुंटी ढिली झाली होती," कपिल आनंदानं म्हणाला. "पाट घसरून पाच घरं डावीकडे गेलेला होता, दुरुस्तीवाल्यानं दाखवलं मला. एवढी वर्षं तुम्ही तसंच वाजवत होता? त्यानं खुंटी काढून टाकली आणि पाट मूळ जागेवर आणून चार स्क्रू मारून पक्का करून दिलाय. स्क्रूंची भोकं लांबीनं बुजवून वरून पॉलिश केलंय, दिसतसुद्धा नाही. आता हयातीत हलणार नाही."

उकंडानं पाटाला हळूच रेटा देऊन पाहिला. हयातीत हलणार नाही हे कपिलचं म्हणणं बरोबर होतं. काळी चार आता खरोखरची काळी चार होती, जी पुंडलिकरावांनी सहा वर्षांत गायली नव्हती, आणि समोर पाचशे माणूस येऊन बसत होतं. स्क्रू काढायचे तर आधी लांबी खरवडायची, आणि सत्काराला आणलेली पेटी सत्काराच्या मंचावर कोरत बसलेला पेटीवाला दिसला तर लोक कारण विचारणारच.

बरं, संकट एकटं येत नाही. कपिलनं खिशातून फोन काढला आणि त्यात घातलेलं एक अ‍ॅप उकंडाला कौतुकानं दाखवलं. त्यात पट्टी आधी निवडून ठेवायची. गाणारा त्या पट्टीत असला तर हिरवा दिवा, नसला तर लाल. कॉलेजातले त्याचे दोन सहकारी खास यवतमाळहून आले होते, कारण एकाहत्तराव्या वर्षी काळी चार हे त्यांना पटत नव्हतं. "आज विज्ञानानं सिद्ध करून दाखवतो," कपिल म्हणाला आणि त्या दोघांना घेऊन पहिल्या रांगेत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात जावयाचा आणि अवलक्षण सासऱ्याचं होणार होतं.

सत्कार झाला, भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. पेटीची साथ चाळीस वर्षं केली म्हणून उकंडालाही एक जाडजूड शाल मिळाली. ती अंगावर पडताच त्याला पहिली युक्ती सुचली. त्यानं शाल खांद्यावरून अशी सोडली की तिचा पदर दोन्ही हातांवरून थेट पट्ट्यांवर यावा. बायकांच्या बाजूला पुढे बसलेल्या इंदूबाईंनी, म्हणजे पुंडलिकरावांच्या पत्नींनी, ते पाहिलं. "उकंडाभाऊ, हिव भरलं का तुम्हाले?" त्यांनी विचारलं. मंडपात सगळे कागदानं वारा घेत होते. उकंडानं थोडी कणकण असल्याचं सांगितलं आणि ते निदान खोटं नव्हतं.

पण शाल लगेच बाजूला करावी लागली, कारण बोट दाखवायचा विधी राहिला होता. पुंडलिकरावांनी आज कपिलच्याच एका सहकाऱ्याला वर बोलावलं. त्यानं चष्मा पुसून पट्ट्या दोनदा मोजल्या आणि काळी चार असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. उकंडानं भाता ओढला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या पट्टीतून तिचा स्वतःचा सूर निघाला.

पुंडलिकरावांनी मान वळवून उकंडाकडे एकदाच पाहिलं. मग डोळे मिटून गजर सुरू केला.

गजर निभावला. कसा निभावला हे उकंडालाही सांगता आलं नसतं. पुंडलिकराव आज खालच्या सुरांतच फिरत राहिले, वर जायची वेळ आली की हात उंचावून टाळकऱ्यांना आणि बायकांना म्हणायला लावू लागले. लोकांना वाटलं, गावाला सोबत घेऊन गातात, केवढं मोठं मन. शेवटी मात्र वरचा 'सा' त्यांनाच घ्यायचा होता. तिथे उकंडानं भाता असा काही मारला आणि चारही बोटं अशी दाबली की पेटीच्या आवाजाखाली कोणाचा गळा फाटला आणि कोणाचा नाही ते देवालाच ठाऊक. पहिल्या रांगेत फोनवर हिरवा दिवा लागला. कपिलनं तो डावीकडे दाखवला, उजवीकडे दाखवला, उभा राहून मागच्यांनाही दाखवला.

उकंडाला मात्र त्या दिव्याचं कौतुक नव्हतं. त्याच्या कानांनी त्या शेवटच्या 'सा'मधली चीर ऐकली होती. पुढचं भजन लांबलचक, तीन अंतऱ्यांचं आणि प्रत्येक अंतरा आधीच्यापेक्षा वर चढणारा. हे काळी चारमध्ये झालं तर आज या मंचावर, या माणसाचं गाणं कायमचं संपणार होतं. आणि पुंडलिकरावांचं गाणं संपलं की आपल्या संध्याकाळचं काय करायचं, हे उकंडाला कळत नव्हतं. चाळीस वर्षांत त्यानं दुसऱ्या कोणाच्या साथीला पेटी काढलेलीच नव्हती.

दोन गाण्यांच्या मधे टाळ्या असतात आणि टाळ्यांत कान धुऊन निघतात, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. नुकताच ऐकलेला 'सा' लोक त्या गलबल्यात विसरतात. त्यानं शालीचा पदर पट्ट्यांवर ओढला आणि टाळ्या ऐन भरात असताना बोटं एक घर डावीकडे नेली, काळी चारवरून लगतच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे पांढरी पाचवर. टाळ्या ओसरल्या तेव्हा नवा सूर असा वाजत होता की जणू तोच आधीपासून होता. मंडपातल्या एकाही माणसाला संशय आला नाही. आला तो शेजारी बसलेल्या राजकुमारला, कारण त्याचा तबला काळी चारला लावलेला होता.

"काका," राजकुमार ओठ न हलवता म्हणाला, "पेटी उतरली."

"पेटी नाही उतरली. उनानं तुहा तबला चढला."

"तबला नाही चढला काका, मले कळते न."

"राजकुमार," उकंडा पट्ट्यांवरची नजर न काढता म्हणाला, "हातोडी उचल. कायले, ते घरी सांगतो."

राजकुमार तबल्याला हातोडीनं ठोकू लागला. आता ठोकाठोक चालू असताना गायक काय करणार, लोक कुजबुजणार, आणि कुजबुज झाली की कोणीतरी विचारणार. पण उकंडाच्या नशिबानं पुंडलिकरावांना नेमकी त्याच वेळी एक जुनी गोष्ट आठवली. मंडळ पहिल्यांदा बैलगाडीनं घाटंजीला गेलतं, अन् बैल भजनाच्या मधातच कसा हंबरला, ती गोष्ट त्यांनी माइकवर रंगवून सांगितली. लोक पोट धरून हसले. गोष्ट संपायला आणि तबला लागायला एकच गाठ पडली. देव पावला, उकंडानं मनात म्हटलं. पहिल्या रांगेत दिवा लाल झाला होता आणि कपिल फोन तळहातावर आपटत होता.

दुसरं भजन सुरू झालं. पहिला अंतरा बरा गेला. दुसऱ्या अंतऱ्याला उकंडाला ती चीर पुन्हा ऐकू आली आणि त्यानं ओळखलं की एक घर पुरणार नाही. कापडाची एक दशी निघाली की सगळं वस्त्र उसवायला वेळ लागत नाही. तिसऱ्या अंतऱ्याच्या आत पट्टी उतरवायलाच हवी होती, आणि आता मधे टाळ्या नव्हत्या. चालत्या गाण्यात बदलायची होती.

चालत्या गाण्यात पट्टी बदलणं म्हणजे घाटात गिअर बदलणं. चांगला ड्रायव्हर तो असा बदलतो की मागच्या बाकावरच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नाही. उकंडाला वाट माहीत होती. जुन्या पट्टीतला खालचा 'प' आहे, त्यालाच नव्या पट्टीचा 'सा' करायचं. सूर तोच, फक्त घर बदलायचं. पाहुणा म्हणून आलेल्याला हळूहळू घरधनी करायचं, असा तो प्रकार. पांढरी पाचवरून एकदम पांढरी दोन. पाच घरांची उडी होती. पण पेटीवाल्यानं एकट्यानं बदलून भागत नाही. गाणाऱ्यानंही त्याच क्षणी, त्याच सुरावर पाय ठेवावा लागतो. नाहीतर पेटी कळंबला आणि गायक घाटंजीला. आणि गाणाऱ्याला खूण करायची तर त्याला सगळं सांगावं लागणार होतं.

त्यानं खूण केली नाही. ध्रुपदावर परत येताना तो नुसता त्या 'प'शी घोटाळू लागला. एकदा स्पर्श करून गेला, पुन्हा आला, मग तिथंच थोडा थांबला. आणि काय आश्चर्य, पुंडलिकराव डोळे मिटून आलाप घेत होते तेही फिरत फिरत त्याच 'प'वर आले आणि तिथं लांब श्वास घेऊन बसले. तो सूर मंडपात नुसता भरून राहिला. उकंडानं त्याच्याखालचे जुने सूर एकेक करून सोडले आणि नवे एकेक करून आणून ठेवले, दिवाळीत बाई रांगोळीतले ठिपके जोडते तसे. क्षणभर कुठल्याच पट्टीत नसल्यासारखं वाटलं. मग पुंडलिकरावांनी ध्रुपदाचा पहिला शब्द उचलला आणि तो नव्या 'सा'वर असा अलगद पडला की उकंडाच्या अंगावर काटा आला. मागून टाळकऱ्यांनी आणि बायकांनी तोच सूर धरला. कोणाचाही पाय घसरला नाही.

राजकुमारनं हातोडीकडे हात नेला आणि तसाच थांबवला. त्याचा तबला आता नव्या पट्टीच्या 'म'ला बरोबर बसत होता, ठोकायची गरजच नव्हती. त्यानं उकंडाकडे पाहिलं आणि मान हलवत असा ठेका धरला की तसा तो स्वतःच्या लग्नातही खुलला नव्हता.

तिसरा अंतरा पुंडलिकराव गायले तो बोरखडीला अजून आठवतो. आवाज कुठे म्हणून अडला नाही. पाण्यात सोडलेल्या माशासारखा खालून वर गेला, वरून खाली आला. इंदूबाई टाळ वाजवायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. मंडपाच्या कडेला कागदानं वारा घेणारे हात खाली आले. भजन संपलं तेव्हा आधी कोणी टाळ्याच वाजवल्या नाहीत, आणि मग वाजवल्या त्या थांबवल्या नाहीत. तांड्यावरचे देवसिंग नाईक, जे पन्नास वर्षं या मंडळाचं प्रत्येक भजन ऐकत आले होते, काठी टेकत मंचाशी आले. "मधात कायतरी झालं गड्या," ते म्हणाले. "काय झालं थे कळलं नाई. पन लय बरं वाटलं."

उकंडानं त्यांना हात जोडले. आयुष्यात त्यानं याहून मोठं काम केलं नव्हतं आणि पुढेही होणार नव्हतं. पाच घरं, भर गाण्यात, पाचशे माणसांसमोर, आणि चहाचा थेंब सांडला नाही. हे कोणाला तरी सांगावं म्हणून त्याचा जीव तळमळत होता आणि सांगण्यासारखा एकही माणूस त्याला नव्हता.

वर कपिलनं माइक घेतला. पहिल्या भजनाला हिरवा दिवा लागला याला पाच साक्षीदार असल्याचं त्यानं सांगितलं. दुसऱ्या भजनाला अ‍ॅप लाल दाखवत होतं, पण ते फुकटातलं होतं आणि नंतर अडकलंच. तेव्हा एकाहत्तराव्या वर्षी काळी चार हे आता विज्ञानानंही मान्य केलंय असं तो म्हणाला, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खाली मान घालून टाळ्या वाजवल्या. पुंडलिकरावांनी माइकवर गावाचे आभार मानले आणि शपथेची सगळ्यांना पुन्हा आठवण करून दिली. उकंडा पेटीचा भाता बांधत होता. ते ऐकून त्यानं पाटाला पुन्हा एकदा रेटा देऊन पाहिला, पण चार स्क्रू अजून जागेवर होते.

पेटी गाडीतून घरी गेली. दोघं म्हातारे मात्र पायीच निघाले, नेहमीसारखे वावराच्या कडेकडेनं. ऊन कलंडलं होतं, कपाशीच्या शेवटच्या वेचणीवरून बाया परतत होत्या आणि पुंडलिकरावांना रामराम घालून 'लय छान झालं' म्हणून जात होत्या. पुंडलिकराव उकंडाच्या डाव्या बाजूनं चालत होते.

"उद्या कळंबले जाऊ," पुंडलिकराव म्हणाले. "थे चार स्क्रू काढून आनू. जवायाले सांगू नोको. बिचाऱ्यानं प्रेमानं केलं."

उकंडा जागच्या जागी उभा राहिला. "कोन्ते स्क्रू, भाऊ?" त्यानं विचारलं.

"आता कायले लपवतं?" पुंडलिकराव म्हणाले. "पन्नास वर्षं गाऊन राह्यलो मी. एक घर सरकलं त मले कळनार नाही का? पह्यल्याच दिवशी कळलं होतं. मंग दुसरं सरकलं, तिसरं सरकलं, तेबी कळलं."

सहा वर्षं. सहा वर्षं हा माणूस दर वेळी उकंडाचं बोट गावाला दाखवत होता. "मंग बोलले काहून नाही?" उकंडानं विचारलं.

पुंडलिकरावांनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं आणि आवाज मऊ केला. "कसा बोलू? म्हातारपनात मानसाचे कान आधी वरूनच जातेत. माह्या आजाचे बी तसेच गेलते. मले वाटलं, उकंडाले वरचे सूर आयकू येनं कमी झालं, म्हून एक एक घर खाली आनून राह्यला. तू मानी मानूस. जल्मभर कानाच्या जोरावर नाव कमावलं. तोंडानं सांगशीन का कधी? म्हून मीच चूप राह्यलो. अन् कोनाले शंका येऊ नये म्हून दर टाइमाले तुह्यं बोट दाखवतो, की पाहा, पेटीवाला काळी चारवरच हाये."

उकंडाचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"आज त तू भर गान्यात खाली आनलं," पुंडलिकराव पुढे म्हणाले. "म्या म्हटलं, आज लयच त्रास होऊन राह्यला याले. तू 'प'वर घोटाळला, मी बी येऊन बसलो तिथं. एकट्याले कसा सोडू तुले? अन् राजकुमार ठोकत होता तवा थे बैलाची गोष्ट उगाच नाही सांगितली."

समोरच्या वावरात पाखरं उतरत होती. उकंडाला एकदम कळलं की देव पावला असं ज्या-ज्या वेळी त्याला आज वाटलं, त्या-त्या वेळी देव शेजारीच बसून गात होता. आणि त्याच वेळी त्याच्या जिभेवर दुसरंही काही येऊन थांबलं. भाऊ, कान शाबूत हायेत माहे. आजही पाठमोरा उभा राहून सांगीन, कोन्त्या गाडीचा कोन्ता गिअर अडकते. फाटला होता तो तुमचा गळा. हे सगळं त्याच्या दातांपर्यंत आलं.

"अन् शपथ, भाऊ?" त्यानं त्याऐवजी विचारलं.

"शपथ गळ्याची होती," पुंडलिकराव ठामपणे म्हणाले. "माह्या गळ्यानं काळी चार सोडली नाही. तुह्या कानानं सोडली. त्यात माहा काय कसूर?"

उकंडानं दातांपर्यंत आलेलं सगळं गिळून टाकलं. चाळीस वर्षांत त्यानं घेतलेल्या सगळ्या सुरांपेक्षा तो घोट जड होता, पण खाली गेला तो सरळ गेला आणि गेल्यावर बरं वाटलं.

"खरं हाये भाऊ," तो म्हणाला. "एका कानानं थोडं कमीच येते."

"कोन्त्या?"

उकंडानं जरा विचार केला. "डाव्या," तो म्हणाला.

"मले वाटलंच." पुंडलिकराव वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेतातल्या पाखरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात समजावू लागले की आजचा तो 'प' पेटीवर केसभर उशिरा सुटला, पुढच्या वेळी मी श्वास घेतला की लगेच सोडायचा. उकंडा मान हलवत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं कानामागे हात धरला आणि विचारलं, "काय म्हटलं, भाऊ?" पुंडलिकरावांनी न कंटाळता सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी जरा मोठ्यानं.